बाब्का फुगत असताना

१५ फेब्रुवारी, खादाड गुरुवार

पहाटेपासून तळतेय. केसांना चरबीचा वास, पडद्यांना वास, भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या संत अंतोनीलाही आज तोच वास येत असणार. पण तळलेल्या गोल पोंचक्या काय झाल्यात! प्रत्येकीच्या कमरेला फिकट पट्टा, म्हणजे पीठ हलकं. आत मी स्वतः घोटलेला गुलाबपाकळ्यांचा मुरंबा. गल्लीतल्या निम्म्या बायका बेकरीसमोर रांगेत कुडकुडत होत्या आणि मी माझ्या खिडकीतून त्यांना बघत होते. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

माझ्या नवऱ्याने, इग्नात्सीने, अर्धी खाल्ली आणि उरलेली बशीत ठेवली. आजच्या दिवशी, उपवासकाळाआधीच्या गुरुवारी! लहान पोरालाही माहीत आहे की आज पोंचकी टाकली तर वर्षभर नशीब रुसतं. म्हणाला, "छातीत जळजळतंय गं." म्हटलं, "फाटकापर्यंत चक्कर मारून ये, जिरेल." गेला, आला आणि पायरीवरच बसला. सगळा जन्म सायकलवरून टपाल वाटलेला हा माणूस! शरद ऋतूत निवृत्त झाला काय, पार लोळागोळा झालाय.

मग आत येऊन, "ब्रोनिया, मी काय म्हणतो..." म्हटलं, "चरबी तापलीय, नंतर." तो गेला. काय म्हणणार होता ते मी मग विचारायला विसरले. काही मोठं नसणार.

२५ फेब्रुवारी, रविवार

माझा विश्वासच बसत नाहीये! मिस्सा संपल्यावर फादरांनी सांगितलं की ईस्टरच्या पहाटेच्या प्रार्थनेनंतर चर्चच्या सभागृहात सगळ्यांची एकत्र न्याहारी, आणि मधल्या टेबलावरचा ईस्टरचा उंच केक, ती मोठी बाब्का, यंदा ब्रोनिस्लावा करणार. म्हणजे मी! मी मागे वळून बघितलं, दुसरी कोणी ब्रोनिस्लावा आहे का म्हणून.

ती जागा आजवर पेलागियाची. पेलागिया आमची शेजारीण, कुंपणापलीकडची. तिची बाब्का इतकी उंच की फादरांना उभं राहून कापावी लागते. बातमी ऐकून तिचं तोंड जे झालं ते बघण्यासारखं होतं. बाहेर येऊन मला म्हणते कशी, "जपून हं ब्रोनिया. घरात पुरुष असला की मोठी बाब्का नीट फुगत नाही. माझा गेला तेव्हापासून माझी फुगायला लागली."

असलं बोलते! स्वतःच्या मेलेल्या नवऱ्याबद्दल! मी क्रॉसची खूण केली आणि निघाले. पण मनात म्हटलं, बाई बोलतेय ते अगदीच खोटं नाही. बाब्का फुगताना पुरुष स्वयंपाकघरात नको, हे माझी आईसुद्धा सांगायची. त्यांची पावलं जड, आवाज मोठा, दार उघडतात ते वाऱ्यासकट.

८ मार्च

महिला दिन. इग्नात्सीने दरवर्षीसारखं एक लाल कार्नेशन आणलं. बाजार कुठे, घर कुठे, पण धापा टाकत आला जणू वॉर्सातून चालत आलाय. कपाळावर घाम. आणि तोंडाला वास! कसल्यातरी मुळ्यांचा आणि दारूचा. उपवासकाळ चालू आहे, आणि हा बाजारात उभा राहून काहीतरी ढोसून आला!

मी फूल बाटलीत ठेवलं आणि मग त्याला फैलावर घेतलं. तो म्हणाला, "अगं, थेंब आहेत ते. औषधाच्या दुकानातले." म्हटलं, "हो हो, सगळे बेवडे थेंबच घेतात. रोज कोळशाची अर्धीच बादली वर आणतोस ना, ते पण थेंबामुळेच?" त्यावर तो हसला. भांडायला घेतलं की हा हसतो आणि माझं भांडण तिथेच बसतं. वैताग आहे नुसता.

अंडी साठवायला सुरुवात केली. निव्वळ बलकांची बाब्का करणार आहे, मलमलीसारखी. पेलागियाने कधी केली नसेल अशी.

१९ मार्च, संत योसेफाचा दिवस

रडू येतंय, पण रडणार नाही. आज उपवासातून सूट असते म्हणून रंगीत तालीम केली. पीठ साच्यात काठापर्यंत आलं होतं. खिडक्यांच्या फटीत कापूस, दाराखाली टॉवेल. मी श्वाससुद्धा बेताने घेत होते. आणि हे महाशय धाडकन दार उघडून आत! गार वारा थेट साच्यावर. म्हणे, "ब्रोनिया, जरा माझ्याजवळ येऊन बसतेस का?"

बसतेस का! माझ्या डोळ्यांदेखत पीठ आधी थरथरलं आणि मग मधोमध खचलं. भाजलं तरी आत कच्चं, ओलसर, पायाखाली घातलं तर चप्पल होईल असं.

मी इतकी ओरडले की समोरच्या झाडावरचे कावळे उडाले. म्हटलं, "काय असं आभाळ कोसळलंय तुझ्यावर? यापुढे बाब्का फुगत असताना या दारात मेलास तरी येऊ नकोस! कळलं?"

"कळलं," तो म्हणाला. टोपी हातात घेऊन उभा होता. मग बाहेर जाऊन बसला.

रात्री जेवताना विचारलं, "का बोलावत होतास?" म्हणाला, "काही नाही. एकटं वाटत होतं." या वयात हे नखरे!

३१ मार्च, झावळ्यांचा रविवार

आमची लेक लुत्सिना ईस्टरसाठी लुब्लिनहून आली. पोरगी बारीक झालीय, पण तोंड तसंच. बॅग ठेवायच्या आत बापावरून सुरू, "आई, ताताचा रंग बघितलास? राखेसारखा झालाय."

म्हटलं, "हिवाळाभर घरात बसून कोणाचा रंग गुलाबी राहतो? वसंत येऊ दे."

"डॉक्टरकडे नेलंस?"

"कशाला? लोळण्यावर डॉक्टर काय देणार?"

इग्नात्सी मध्येच म्हणाला, "सुट्ट्या होऊ देत, मग जाऊ की. आत्ता आईची बाब्का आहे." शहाण्यासारखं बोलला. लुत्सिनाने आम्हा दोघांकडे असं बघितलं की जणू आम्हीच लहान मुलं.

डावा खांदा दुखतो म्हणत होता म्हणून मी त्याला कापूरतेल चोळलं. बोटांखाली हाडं लागली. कधी इतका वाळला? उपवास त्याने जरा जास्तच मनावर घेतलेला दिसतोय.

मग मी त्याच्याकडून शपथ घेतली, चर्चमधून आणलेल्या झावळीवर हात ठेवून. शुक्रवारी बाब्का साच्यात गेल्यापासून ती भाजून गार व्हायला पिसांच्या उशीवर निजेपर्यंत आत पाऊल नाही, हाक नाही, खोकला नाही, दारावर टकटक नाही. तो म्हणाला, "आणि घराला आग लागली तर?" म्हटलं, "तर तू एकट्याने विझव." लुत्सिना हसली. तोही हसला. हात झावळीवर ठेवून म्हणाला, "शपथ."

५ एप्रिल, गुड फ्रायडे

इग्नात्सी दवाखान्यात. जिवंत आहे. मला लिहिता येत नाही.

६ एप्रिल, शनिवार

लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

काल सकाळी सगळं ठरल्यासारखं झालं. चर्चच्या घंटा गुरुवारपासून ईस्टरपर्यंत मुक्या, रस्त्यावर नुसती लाकडी खुळखुळ्यांची टकटक. घरात तर त्याहून शांत. मी आणि लुत्सिना स्वयंपाकघरात, अनवाणी, कुजबुजत. कुलपाच्या भोकात कापूस, दाराखाली टॉवेल, पांढऱ्या कपड्याखाली साचे. पीठ फुगायला लागलं. काय फुगत होतं! बलकांनी पिवळंधमक, केशराचा वास, जिवंत असल्यासारखं.

मध्येच बाहेर बोळात काहीतरी घसटल्यासारखं झालं. लुत्सिना म्हणाली, "आई, ताता आहे का? बघून येते."

मी तिचा हात धरला. मी धरला. म्हणाले, "दार उघडलंस तर याद राख."

ती थांबली. साचे भट्टीत गेले. तेव्हाही दार बंदच, कारण भट्टीतली बाब्का थंड वाऱ्याला सगळ्यात जास्त भिते. आम्ही दोघी माळ जपत बसलो. मी प्रार्थना करत होते ती बाब्कासाठी. देवाच्या मुलाच्या मरणाच्या दिवशी मी मैद्यासाठी प्रार्थना करत होते.

मग बाहेर काढली. साच्यातून अलगद सुटली. मोठ्या पिसांच्या उशीवर आडवी निजवली, बाळासारखी एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळवत राहिलो, कंबर मोडू नये म्हणून. ना भेग, ना खळगा. लुत्सिनाच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "जा, ताताला बोलाव. पहिल्यांदा त्याने बघितली पाहिजे." मग म्हटलं, नको, मीच दाखवते. आणि दार उघडलं.

येशू-मारिया.

तो दाराशीच होता. जमिनीवर, भिंतीला पाठ लावून, एका बाजूला कलंडलेला. पायात नुसते मोजे. बूट त्याने काढून जोडीने बाजूला ठेवले होते, पावलांचा आवाज होऊ नये म्हणून. चेहरा ओल्या चुन्यासारखा. आणि तोंडात टोपी. स्वतःची टोपी दातांत गच्च चावून धरली होती. कण्हण्याचा आवाज आत येऊ नये म्हणून.

मला वाटलं गेला. माझ्या घशातून आवाजच फुटेना. आयुष्यभर जिच्या ओरडण्याने कावळे उडतात, तिला आवाज फुटेना! लुत्सिना त्याच्या छातीला कान लावून किंचाळली, "आई, चालू आहे! फोन! पळ!"

फोन फक्त पेलागियाकडे. मी तशीच अनवाणी कुंपण ओलांडून पळाले. तिच्या दाराच्या काचेवर कागद लावलेला होता: बाब्का फुगतेय, दार वाजवू नये. मी मुठींनी बडवलं. आतून ती कुजबुजत चिडली, "कोण मेलंय?"

"इग्नात्सी!" मी म्हटलं. एवढंच निघालं तोंडातून.

तिने दार असं उघडलं की भिंतीवर आपटलं. तिच्या टेबलावर पीठ साच्याबाहेर डोकावत होतं. तिने तिकडे बघितलंसुद्धा नाही. फोनवर ती ओरडून पत्ता सांगत होती, मागे एकेक साचा खाली बसत होता, आणि बाई माझ्या खांद्यावर स्वतःचा कोट टाकत होती.

अँब्युलन्स आली. डॉक्टरीण तरुण, लुत्सिनाच्या वयाची. तिने विचारलं, "दुखायला कधी लागलं?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

"तुम्ही घरात नव्हतात?"

म्हटलं, "होते. दाराच्या आत."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग लिहायला लागली. आज मला आत सोडलं नाही. काचेतून नळ्या दिसल्या आणि त्याचे पाय दिसले. मोजे तेच.

७ एप्रिल, ईस्टर

मी गेले नाही. लुत्सिनाला म्हटलं होतं, ती बाब्का कोंबड्यांना घाल. तिने ऐकलं नाही, सभागृहात नेली. फादरांनी सगळ्यांना इग्नात्सीसाठी प्रार्थना करायला सांगितलं आणि मग कापली. म्हणे इतकी हलकी बाब्का गावात कोणी खाल्ली नव्हती. सगळ्यांनी ताटल्या पुसून खाल्ल्या.

पेलागिया हे सांगायला आली. मला वाटलं होतं टोमणा मारेल. ती नुसती चुलीजवळ बसली. मग म्हणाली, "माझा गेला तेव्हा मी ईस्टरच्या माझुरेक केकवर बदाम मांडत होते. तो शेजारच्या खोलीत होता. मी हे कोणाला सांगितलं नाही आणि तूही सांगू नकोस."

पंचवीस-तीस वर्षांपासूनची शेजारीण, आणि मी तिच्याशी केकच्या उंचीवरून भांडत आले. मी तिला घट्ट धरलं आणि दोघी रडलो. मोठ्याने, भोकाड पसरून. घरात फुगणारं काहीच नव्हतं.

८ एप्रिल, ईस्टर सोमवार, संध्याकाळ

आधी हे लिहिते: तो आहे. मी निघाले तेव्हा झोपला होता आणि पडद्यावरची रेघ उड्या मारत होती. डॉक्टरीण म्हणाली, आजची रात्र नीट गेली तर पुढे आशा आहे.

दुपारी गेले. वाटेत पोरांनी मला बादलीने भिजवलं, आज पाणी उडवायचा सण ना. दुसऱ्या कुठल्या वर्षी मी त्यांच्या मागे झाडू घेऊन धावले असते. तशीच निथळत दवाखान्यात शिरले. नर्स म्हणाली, "पाच मिनिटं. आणि आवाज नको."

तो लहान दिसत होता. पलंग मोठा आणि तो लहान. मला बघून ओठ हलवले. मी कान त्याच्या तोंडाशी नेला.

"खचली नाही ना?" म्हणाला.

मला आधी कळेचना. मग कळलं. मी म्हटलं, "खड्ड्यात गेली बाब्का! तू मला हाक का नाही मारलीस? दारावर लाथ का नाही घातलीस?"

"शपथ घेतली होती."

"गाढवा! असली शपथ पाळतात का?"

"तू म्हणालीस, मेलास तरी..." तो बोलता बोलता थांबला. माझा चेहरा बघून थांबला असेल. आणि मग गंमत सांगावी तसा म्हणाला, "मेलो नाही ना पण."

मी पलंगाची कड घट्ट धरली. विचारलं, "केव्हापासून दुखतंय? खरं सांग."

"पोंचक्यांच्या दिवसापासून. त्याच्या थोडं आधीपासून."

"इतके दिवस! आणि मला सांगितलं नाहीस?"

त्याने माझ्याकडे बघितलं. राग नाही, रुसवा नाही. काहीतरी अगदी साधं विचारल्यासारखा म्हणाला, "केव्हा सांगणार होतो गं? दर वेळी घरात काहीतरी फुगत असायचं."

चाळीस वर्षं मी या माणसाशी बोलतेय असं मला वाटत होतं. मी बोलत होते. तो दाराबाहेर टोपी धरून उभा होता.

माझ्या बाहीतून पाणी टपटप गळत होतं. तो डोळे मिटून पडला होता, आणि मला दिसलं की त्याच्या कपाळावर घाम आलाय. बारीक थेंब. बाजारातून कार्नेशन घेऊन आला होता तेव्हा आले होते तसेच. त्याची बोटं चादर चुरगाळत होती.

म्हटलं, "इग्नात्सी. आत्ता दुखतंय?"

त्याने शेजारच्या पलंगाकडे नजर टाकली. तिथे एक म्हातारा तोंड उघडं टाकून घोरत होता. इग्नात्सीने ओठांवर बोट ठेवलं. "हळू," म्हणाला. "तो झोपलाय."

"दुखतंय का?"

त्याने मान हलवली. इतकीशी. आणि पुन्हा ओठ घट्ट मिटून घेतले, तसेच, टोपी नव्हती एवढंच.

मी उठले आणि दवाखाना दणाणून टाकला. "डॉक्टर! माझ्या नवऱ्याला दुखतंय! या! पळत या!" म्हातारा दचकून उठून बसला. बोळातून नर्स धावत आली, "बाई, आवाज! इथे आजारी माणसं आहेत!" मी तिच्या तोंडावर आणखी जोरात ओरडले. मग माझ्या नवऱ्याचा हात धरला आणि त्यालाही ओरडून सांगितलं, "ओरड! दुखतंय ना? मग ओरड की! तुला कोणी अडवलंय?"

तो बावरून माझ्याकडे बघत होता. आणि मग त्याने तोंड उघडलं. "आई गं!" इतका मोठा आवाज त्याच्यात आहे हे मला माहीतच नव्हतं. खिडकीची काच थरथरली. डॉक्टरीण धावत आत आली, मागून यंत्र घेऊन दोघं आले, मला कोणीतरी बाजूला ढकलत होतं.

मी त्याचा हात सोडला नाही. "अजून," मी म्हणत होते. "अजून ओरड."